लहान शब्दांचे ओझे

भिलाईच्या पोलाद वसाहतीतील एका मराठी घरात रुग्णालयाचे एक इंग्रजी पत्र चार आठवडे देवघराशेजारच्या कोनाड्यात पडून होते. पत्र घरातील आजींसंबंधी होते. हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया ‘मे बी पुट ऑफ फॉर नाऊ’ आणि सहा आठवड्यांनी त्यांनी तपासणीसाठी ‘मस्ट कम बॅक’, एवढीच दोन वाक्ये त्यात महत्त्वाची होती. आबांनी ती चष्मा पुसून दोनदा वाचली आणि घराला सांगितले की शस्त्रक्रिया बंद झाली. आता केवळ एकदा दाखवून यावयाचे. आजींनी भरून ठेवलेली पिशवी रिकामी केली. घराने निःश्वास टाकला.

दिवाळीच्या सुटीत नात घरी आली, तिने पत्र वाचले आणि ती गप्प झाली. मग हलकेच म्हणाली, ‘‘आबा, बंद नाही झाली. पुढे ढकललीय.’’

आबांना प्रथम ते पटेना. ज्या इंग्रजीवर त्यांनी चाळीस वर्षे नोकरी केली, त्या इंग्रजीत ‘पुट ऑफ’ म्हणजे बंद करणे. पंखा पुट ऑफ करावयाचा, दिवा पुट ऑफ करावयाचा, मोटर पुट ऑफ करावयाची. यात त्यांचे अज्ञान होते असे म्हणता येणार नाही. भारतभर बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीत हा अर्थ चांगला रुळलेला आहे. नातीच्या पुस्तकात मात्र त्याच जोडीचा अर्थ ‘लांबणीवर टाकणे’ असा होता, आणि तोही तितकाच खरा. एकाच शब्दजोडीचे दोन खरे अर्थ एका घरात समोरासमोर उभे राहिले, आणि त्यांच्यामध्ये एका स्त्रीचे हृदय होते.

आबांची इंग्रजी कोठून आली हे पाहिले म्हणजे या घटनेचा उलगडा होतो. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून भिलाईचा कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सुरुवातीच्या वर्षांत रशियन तंत्रज्ञ आणि भारतीय कामगार यांच्यामध्ये दुभाषे उभे असत. माणसे देशाच्या सर्व भागांतून आली. नागपूर-विदर्भातून येणाऱ्यांना तर हा मुलूख परका नव्हता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत विदर्भ आणि छत्तीसगढ एकाच राज्याच्या छत्राखाली नांदत होते. अशा या मेळ्यात यंत्रावरची पाटी आणि पाळीची नोंदवही इंग्रजीत, हुकूम हिंदीत, आणि सुखदुःख ज्याच्या त्याच्या भाषेत, अशी वाटणी आपोआप झाली. आबा इंग्रजी शिकले ते व्याकरणातून नव्हे, तर हातातील खटक्यातून. ‘मस्ट बी स्विच्ड ऑफ’ ही पाटी त्यांनी आधी हाताने ओळखली, मग डोळ्यांनी.

वस्तुतः इंग्रजीतील या जोडक्रियापदांची अडचण फार जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नमूद केले आहे की क्रियापदामागे एखादे अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही रीत परक्यांना सर्वांत कठीण जाते. त्यांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव रूढ झाले ते पुष्कळ नंतर. लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या ग्रंथात ते आढळते. ‘पुट’ म्हणजे ठेवणे. पण ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘अप’ यांपैकी कोणते शेपूट लागले यावर दिवा लागतो, विझतो, आग शमते की पाहुणा मुक्कामाला राहतो, हे ठरते.

शेपटाचे हे झाले, डोक्याचे वेगळेच. ‘कॅन’, ‘मे’, ‘शुड’, ‘मस्ट’ ही साहाय्यक क्रियापदे वाक्याच्या आरंभीच कर्त्याची पायरी ठरवतात. ‘मे’ मध्ये मुभा असते आणि शक्यताही असते. ‘मस्ट’ मध्ये सक्ती असते आणि अनुमानही. ‘मस्ट बी स्विच्ड ऑफ’ म्हणजे बंद केलेच पाहिजे. परंतु ‘मस्ट हॅव बीन स्विच्ड ऑफ’ म्हणजे बंद केले असावे. पहिल्या वाक्यात आज्ञा आहे, दुसऱ्यात केवळ तर्क. तर्काला आज्ञापालन समजून कोणी यंत्रात हात घातला तर काय होईल, हे आबांसारख्या फोरमनला सांगावे लागत नाही.

मराठीने हेच काम निराळ्या रीतीने केले आहे. आपल्याकडे ‘बंद कर’ याला ‘टाक’, ‘ठेव’, ‘घे’, ‘दे’ जोडतात. बंद करून टाक म्हणजे विषय संपला; बंद करून ठेव म्हणजे पुढे काही व्हावयाचे आहे; बंद करून दे म्हणजे दुसऱ्यासाठी. मो. के. दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून संयुक्त क्रियापदांचा हा विचार आपल्याकडे होत आला आहे. आणि सक्ती वा मुभा दाखविणारे शब्द या सगळ्यांच्याही मागून येतात: बंद करून ठेवावा लागेल, बंद करून टाकला पाहिजे. ‘पाहिजे’ हे मुळात ‘पाहणे’ याचेच जुने कर्मणी रूप. जे पाहिले जाते, ज्याची वाट पाहिली जाते, ते पाहिजे. इंग्रजीचा ‘कॅन’ही मूळचा ‘जाणणे’ या अर्थाचा. दोन्ही भाषांत एकेकाळची स्वतंत्र क्रियापदे झिजून दुसऱ्यांच्या सेवेला लागली. फरक एवढाच की इंग्रजी सक्ती आधी सांगते आणि दिशा शेवटी. मराठी दिशाही शेवटी सांगते आणि सक्ती तिच्याही नंतर. ऐकणाऱ्याने शेवटपर्यंत थांबावे, ही अट मात्र दोन्हीकडे सारखीच.

आबा थांबले नव्हते असे नाही. ते ‘ऑफ’ पर्यंत आले होते. पण ते ‘ऑफ’ त्यांच्या कारखान्यातले होते.

त्या संध्याकाळी त्यांनी पत्र नातीपुढे ठेवले आणि म्हटले, ‘‘याच्या पाठीमागं मराठीत लिहून दे बेटा. तुझ्या आजीला वाचता येईल असं.’’ नात लिहावयास बसली आणि अडली. ‘शस्त्रक्रिया पुढे ढकलावी’ असे लिहिले तर तो सल्ला झाला. ‘ढकलता येईल’ असे लिहिले तर केवळ शक्यता. ‘ढकलली जाईल’ यात तर निर्णय होऊन गेला. पुस्तकात ‘मे’ समोर एकच शब्द छापलेला होता. येथे तीन होते आणि तिघांचीही जबाबदारी निराळी होती. तिने दोनदा खोडले. शेवटी लिहिले: ‘शस्त्रक्रिया सध्या पुढे ढकलली तरी चालेल. सहा आठवड्यांनी मात्र परत यायलाच पाहिजे.’

आजींनी कागद हातात घेतला. त्यांच्याच शरीराविषयीचे ते पत्र इतके दिवस त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकले होते. त्यांनी ते सावकाश, बोट फिरवीत वाचले. ‘यायलाच’ या शब्दावर बोट क्षणभर थांबले.

‘‘म्हणजे दोन आठवडे राहिले,’’ त्या म्हणाल्या, आणि रिकामी केलेली पिशवी पुन्हा खुंटीवरून काढली. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी उठून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, पाळीची वेळ लिहावी तशा स्वच्छ अक्षरात, ती तारीख लिहून ठेवली.