शिरोरेषेखालची नावं

‘दादर’ या नावात पूर्ण उंचीचा दांडा एकच, तो कान्याचा. दोन्ही ‘द’ आखूड मानेनं शिरोरेषेला धरलेले, पोट डावीकडे काढून शेपूट खाली उजवीकडे सोडणारे. शेवटचा ‘र’ पाय पुढे टाकतो आणि त्याच्यापुढे काहीच येत नाही. शब्द उजव्या अंगाला उघडाच राहतो. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर काळ्या रंगात हे नाव दिसलं की गर्दीच्या रेट्यातही माझे डोळे त्या मधल्या कान्यावर जातात. सगळ्या शब्दाचा तोल त्या एका उभ्या रेघेनं सांभाळला आहे. ‘परळ’चं तसं नाही. तिथे दांडा सुरुवातीलाच ‘प’बरोबर येऊन जातो, मग ‘र’ आणि ‘ळ’ नुसते लोंबतात, आणि ‘ळ’च्या दोन वाटोळ्यांनी शब्दाची शेवटची बाजू जड होते. ‘कुर्ला’ खाली उकार आणि वर रफार घेऊन उभा. ‘ठाणे’ सुरू होतं गोल ‘ठ’नं, आणि पुढे दांड्यामागून दांडे.

मी व्यवसायानं चित्रकार नाही. पण कुठल्याही गावात उतरले की आधी पाट्या पाहते. दुकानांच्या, पतसंस्थांच्या, शाळांच्या, साखर कारखान्यांच्या कमानींवरच्या. मासिक हातात आलं की अनुक्रमणिकेच्या आधी शीर्षकाची अक्षरं पाहते, लग्नपत्रिकेत मुहूर्ताच्या आधी वधूवरांच्या नावांचं वळण. या पाहण्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली आहे: देवनागरीत नाव रेखायचं तर पहिला निर्णय शिरोरेषेचा असतो. ती सलग ठेवायची, मध्ये तोडायची, की काढूनच टाकायची, हे ठरलं की अक्षरांचं पुढचं सगळं वागणं ठरतं. रोमन अक्षरं एकेकटी उभी असतात, त्यांच्यामधली मोकळी जागा वरपासून खालपर्यंत वाहते. लिंडन लीडर यांनी १९९४ साली ‘फेडेक्स’चं बोधचिन्ह केलं तेव्हा त्यांना मोठा ‘ई’ आणि छोटा ‘एक्स’ यांच्या मधोमध एक पांढरा बाण सापडला. तो तिथे होताच, त्यांनी फक्त अक्षरांची ठेवण अशी केली की तो नीट दिसावा. आपल्याकडे ती मोकळी जागा वरून बंद असते. रेघेखाली, दोन अक्षरांच्या मध्ये, छोटी छोटी दालनं तयार होतात. नाव देखणं दिसतं ते त्या दालनांच्या मापानं. ‘कमल’ लिहून पाहा आणि ‘टाटा’ लिहून पाहा. पहिल्यात दालनं भरलेली, दुसऱ्यात जवळजवळ रिकामी. दोन्हींना एकच फॉन्ट लावून मोकळं होणारा माणूस या दोन नावांकडे पाहतच नाही.

रेघ आधी की अक्षर आधी? शाळेत आपण शब्द लिहून झाल्यावर वरून रेघ ओढतो. मोडीत उलटं होतं. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ आखून घ्यायचा आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचा, शब्द कुठे संपला याची फारशी फिकीर न करता. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद पाहिले तर ओळीच्या ओळी अशा एका धाग्याला धरून धावताना दिसतात. पाटी रंगवणारे पेंटरही आधी रेघच मारतात. आमच्या बाजारपेठेत एक पेंटर सुतळीला खडू चोळून दोन टोकं ताणून धरायचे आणि मधोमध चिमटीत पकडून सोडायचे. फट्कन पांढरी रेघ उमटायची. मग चपट्या ब्रशनं कडेच्या अक्षरापासून सुरुवात. नाव पाटीवर मावेल की नाही, हे त्यांना त्या रेघेकडे पाहूनच कळत असावं, कारण मोजपट्टी त्यांच्या हातात मी कधी पाहिली नाही. ‘किराणा’ लिहिताना ते ‘क’च्या डाव्या पोटाला जरा जास्त जागा देत, मग ‘रा’ जवळ ओढत. आज संगणकावर ज्याला अक्षरांतलं अंतर म्हणतात आणि टक्क्यांत मोजतात, ते त्या मनगटात होतं.

शिरोरेषेचं सामर्थ्य बघायचं असेल तर खिशातली नोट काढावी. रुपयाचं चिन्ह केंद्र सरकारनं १५ जुलै २०१० रोजी मंजूर केलं. ते रेखलं डी. उदय कुमार यांनी. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात ते शिकत होते. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ या दोघांना त्यांनी एका आकारात आणलं. ‘र’ला मुळात दांडा नसतो, म्हणून ‘आर’नं आपला दांडा सोडला की दोघं जुळतात. नुसतं एवढंच असतं तर तो एक हुशार आकार झाला असता. वरच्या दोन आडव्या रेघांनी त्याचं चलन झालं. त्यातली वरची रेघ शिरोरेषाच आहे. रोमन अक्षर आपल्या रेघेखाली आलं, तिथे सहज उभं राहिलं, आणि परक्या माणसालाही ते चलनाचंच चिन्ह वाटतं, कारण येन आणि युरोवरही अशाच दोन आडव्या रेघा आहेत. इतक्या थोडक्यात इतकं साधलेलं दुसरं चिन्ह मला आठवत नाही.

आता अक्षराच्या जाडीबद्दल. मला सगळ्यात जास्त गुंतवणारी गोष्ट ही. बोरूचं टोक तिरपं कापतात आणि देवनागरीसाठी ते रोमनच्या उलट बाजूनं तिरपं असतं. परिणाम असा की उजवीकडून डावीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड उमटते, डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक. ‘त’ लिहा: दांड्यापासून डावीकडे वळत खाली जाणारी कमान जाड होते आणि पुढे उजवीकडे वळताना निमुळती होत जाते. रोमन ‘ए’ पाहा: त्याचा डावीकडून उजवीकडे उतरणारा पाय जाड, दुसरा बारीक. ‘ठ’चं वर्तुळ वर डाव्या बाजूला आणि खाली उजव्या बाजूला भरतं, रोमन ‘ओ’ नेमका विरुद्ध ठिकाणी. म्हणजे ही दोन्ही वर्तुळं लांबून सारखी दिसली तरी त्यांचा भार वेगळ्या हातानं टाकलेला असतो. शतकानुशतकं बोरूनं लिहून लिहून आपल्या डोळ्यांना हा भार सवयीचा झाला आहे. वाचणाऱ्याला तो सांगता येत नाही, पण चुकला की खटकतो.

छापखान्यांनी हा भार धातूत उतरवला. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांची कीर्ती मुंबईबाहेर देशभर पसरली होती, आणि त्या खिळ्यांमागे राणोजी रावजी आरू यांचं कोरीवकाम होतं. देवनागरीचा खिळा म्हणजे कटकटीचं काम. मात्रा, वेलांट्या, रफार, उकार, जोडाक्षरं. जुळाऱ्यापुढच्या पेट्यांत शेकड्यांनी घरं. त्यात प्रत्येक खिळ्यावर शिरोरेषेचा आपापला तुकडा. तुकड्याशेजारी तुकडा बसला की रेघ सलग दिसायची आणि खिळे झिजले की मध्ये केसाएवढी फट पडायची. जुन्या पोथीवजा पुस्तकांत त्या फटी अजून दिसतात. माझं त्यांच्यावर प्रेम आहे. प्रत्येक अक्षर वेगळं उचलून हातानं बसवलं होतं, याची ती खूण आहे.

खिळ्यांच्या त्या शिस्तीतून मराठी नावाला बाहेर काढलं ते नाटकांच्या जाहिरातींनी, असं मला वाटतं. कमल शेडगे यांचं नाव त्यासाठी घ्यायलाच हवं. टाइम्स ऑफ इंडियात नोकरी करत त्यांनी नाटकांची, मासिकांची, पुस्तकांची असंख्य शीर्षकं रेखली. ‘माझी अक्षरगाथा’ या पुस्तकात त्यांनी त्या प्रवासाबद्दल लिहिलं आहे. २०२० साली ते गेले. वर्तमानपत्रातली नाटकाची जाहिरात म्हणजे काळ्या शाईची बोटभर जागा, आजूबाजूला तशाच पन्नास. त्या गर्दीत नाव ओळखू यायला हवं, आणि नाटक ऐतिहासिक आहे की फार्स, रहस्य आहे की घरगुती, तेही प्रयोगाची वेळ वाचण्याआधी कळायला हवं. हे सगळं फक्त अक्षरांनी करायचं. ऐतिहासिक नाटकाच्या नावाला भरदार दांडे, टोकाशी धार. विनोदी नाटकात अक्षरं रेघेवरून उड्या मारणारी, शिरोरेषा जागोजागी तुटलेली. तोडायची कुठे, यातच सगळं कौशल्य. चुकीच्या जागी तोडली की एक शब्द दोन वाचला जातो. जोडाक्षराच्या अलीकडे तोडली की वाचणारा अडखळतो. कान्याच्या पलीकडे तोडली की शब्द श्वास घेतो. रविवारचा पेपर उघडून ते पान नुसतं पाहत बसणारी माणसं महाराष्ट्रात घरोघर होती, आणि अक्षर बघायला ती तिथेच शिकली.

दुसऱ्या टोकाला र. कृ. जोशी. जाहिरात क्षेत्रात काम केलेले, आयआयटीत शिकवलेले, कवी, सुलेखनकार. ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचा. तो विंडोजबरोबर घराघरांत पोचला आणि कित्येकांनी संगणकावर पहिलं मराठी अक्षर पाहिलं ते या वळणात. त्या वेळच्या पडद्यांवर ठिपके कमी, रेघा जाडजूड. एवढ्या तुटपुंज्या साधनात सगळी जोडाक्षरं, सगळे रफार शाबूत ठेवायचे हे थोर काम होतं. पण पडद्यासाठी केलेली ती अक्षरं पुढे पत्रिकांवर, कार्यालयांच्या फलकांवर, थेट दगडांवरही चढली. दोष अक्षरांचा नव्हे. ती जिथे राहायला आली नव्हती तिथे त्यांना नेऊन बसवलं.

महाराष्ट्रात २०२२ साली दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. दुकानाची पाटी मराठीत हवी आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, असं ठरलं. सर्वोच्च न्यायालयानं २०२३च्या सप्टेंबरात दोन महिन्यांची मुदत दिली आणि मुंबईतल्या रस्त्यांवर एकदम नव्या पाट्या चढल्या. जगभर रोमनमध्ये ओळखली जाणारी कित्येक नावं शिरोरेषेखाली आली. त्या महिन्यांत मी ठरवून पायी हिंडले. एवढी मोठी परीक्षा आपल्या लिपीनं आणि आपल्या आरेखनकारांनी एकाच वेळी क्वचित दिली असेल.

बऱ्याच ठिकाणी घाई दिसत होती. रोमन नाव झोकदार वळणाचं, त्याच्या डोक्यावर मराठी नाव हाताशी होता त्या फॉन्टमध्ये. एका कपड्यांच्या दुकानात रोमन ‘ओ’चं कंपासनं काढलेलं वर्तुळ तसंच उचलून ‘व’चं पोट केलं होतं. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. ‘व’चं पोट वर्तुळ नसतं. ते दांड्यातून निघून डावीकडे झुकतं, वर भरतं, आणि परत येताना किंचित चढून दांड्याला भेटतं. ते झुकणं काढून घेतलं की ‘व’ नळाच्या चकतीसारखा दिसतो. पण चांगलीही कामं भेटली. एका पाटीवर रोमन अक्षरांची टोकं गोलसर होती. मराठी करणाऱ्यानं तो गोलवा दांड्यांच्या तळाशी आणला होता, शिरोरेषेची दोन्ही टोकं तशीच वळवली होती, आणि जाडी मात्र देवनागरीच्या जागी, देवनागरीच्या बाजूनं टाकली होती. दोन्ही नावं एका घरातली वाटत होती. करणाऱ्याचं नाव पाटीवर कुठेच नव्हतं, ते नसतंच. पण हात ओळखू येतो.

पाट्या पाहताना माझी नजर अलीकडे ‘ल’ आणि ‘श’वर जाते. मराठी ‘ल’ पाकळीचा, मराठी ‘श’ देठाचा. राज्य शासनानं २००९च्या निर्णयात या रूपांना मराठीची प्रमाण रूपं म्हणून मान्यता दिली. हिंदीत रुळलेली रूपं वेगळी, आणि कित्येक फॉन्ट त्याच रूपांनी सुरू होतात. ‘ल’च्या दोन पाकळ्या अगदी सारख्या ठेवल्या तर तो पुतळ्यासारखा ताठ होतो. एक पाकळी जरा लहान हवी. हे पुस्तकात वाचलेलं नाही, शेकडो ‘ल’ पाहून बसलेलं मत आहे, आणि मी ते सोडणार नाही.

आनंद याचा की आता नवी अक्षरं इथेच, आपल्या माणसांच्या हातून घडत आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’च्या मंडळींनी ‘मुक्ता’ हा फॉन्ट केला, ‘बालू’ केला आणि ते सगळ्यांसाठी मोफत खुले ठेवले. त्यांचाच ‘मोदक’ पाहावा. इतका गुबगुबीत की अक्षराच्या पोटातली पांढरी जागा उरते ती नुसत्या चिरेएवढी, आणि तरीही ‘घ’ आणि ‘ध’ यांची गल्लत होत नाही. शाईनं जवळजवळ सगळं व्यापलं असताना उरलेल्या त्या चिरेला नेमकं कुठे वळवायचं, हे ज्यांना कळलं त्यांच्यापुढे मी हात जोडते.

यंदा आमच्या गल्लीतल्या मंडळानं कमानीसाठी छापील फ्लेक्स घेतला नाही. कलाशाळेत शिकणाऱ्या दोन पोरींनी प्लायवूडवर ‘गणेशोत्सव’ रंगवलं, दोन रात्री जागून. मी रोज येताजाता पाहत होते. आधी रेघ मारली, मग एका टोकापासून अक्षरं. ‘त्स’ जोडताना त्यांनी अर्धा ‘त’ ‘स’च्या पोटात असा सरकवला की मधली जागा पाण्याच्या थेंबाच्या आकाराची झाली, आणि ‘शो’च्या मात्रेचं टोक वळून रेघेला पुन्हा टेकलं. आणि ‘श’ देठाचा होता.