पणजोबांची खतावणी

पुतणीनं समाजशास्त्रात एम.ए. करायचं ठरवलं, तेव्हा घरात ठरलेलं लग्न मोडल्यासारखी शांतता पसरली. आमचे दादा म्हणाले, "तू बँकेत आहेस, तूच सांग तिला." आमच्याकडे बँकेतली नोकरी म्हणजे सल्ला देण्याचा परवानाच! त्यातून मी कॉमर्सचा पदवीधर. जगातल्या यच्चयावत गोष्टींना नावे आणि जमा अशा दोनच बाजू असतात, ही माझी श्रद्धा. मी विचारलं, "याला स्कोप काय?"

"सगळं जग, काका."

मग तिनं मला जग दाखवलं. मुंबई विद्यापीठात १९१९ साली हा विषय सुरू करणारे पॅट्रिक गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. म्हणजे साहेबाच्या घरीही पोरानं लाइन बदलली होतीच. तिचा अभ्यास धरणग्रस्तांवर. अस्वानच्या धरणापायी नुबियन लोक उठले, चीनमध्ये यांगत्सेवरच्या धरणानं दहा लाखांहून अधिक माणसं हलवली, कोयनेच्या विस्थापितांची पाहणी इरावतीबाई कर्व्यांनी केली... एवढं जग फिरून गाडी थांबली कुठे, तर मुळशीला!

मुळशी म्हणजे आमच्या लेखी पावसाळी सहल, कांदाभजी आणि भाजलेलं कणीस. रविवारी तिला स्कूटरवर मागे बसवून निघालो. धरणाच्या काठी मी कणसाला लिंबू चोळत होतो आणि ती सांगत होती. टाटांच्या कंपनीनं इथं नीला-मुळेचं पाणी अडवलं, ते सह्याद्रीखाली भिऱ्याला नेऊन वीज केली आणि वीज गेली मुंबईला. आंबेमोहोराची खाचरं मात्र पाण्याखाली. १९२१ च्या रामनवमीला मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. त्या लढ्यात पांडुरंग महादेव बापटांचे 'सेनापती' बापट झाले. राजेंद्र व्होरांनी तर आपल्या पुस्तकाच्या नावातच याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलंय.

"मग हरले कसे?" मी दाणे टिपत विचारलं.

"कारणं पुष्कळ आहेत. एक म्हणजे बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या. त्यांना मोबदला परवडत होता."

मला ठसका लागला. तिखटाचा नव्हे. आमचे पणजोबा पुण्यात 'देवघेव' करीत. सावकारी हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. त्यांची खतावणी आमच्या माळ्यावर आहे आणि ती मी आल्यागेल्याला अभिमानानं दाखवतो. बघा, एका पैचा फरक नाही! अर्थात खतावणी मोडीत. मला त्यातले फक्त आकडे कळतात.

पुतणी मोडी शिकली होती.

त्या रात्री खतावणी खाली काढली. ती बोट ठेवून वाचू लागली. मुळशी पेटा. कुळाचं नाव. चार खाचरं गहाण. पुढे व्याज, त्याच्यावर व्याज. मग एके दिवशी 'धरणाचे मोबदल्याचे जमा', आणि खाली आडवी रेघ. खातं बंद.

"काका, हा माणूस पुढे गेला कुठे?"

मी पान उलटलं. पुढच्या पानावर दुसरं नाव. त्याच्याही खाली तशीच रेघ. वीस वर्षं मी संध्याकाळी हिशोब जुळला की खुशाल घरी जातो. इथं तर आणा-पैसुद्धा जुळत होते. फक्त माणूस लागत नव्हता.

"प्रबंधात घेऊ हे? आपल्या घरचं आहे म्हणून विचारते."

दादा गडबडले. "अगं, चार लोक वाचतील! पणजोबांचं नाव..."

"त्या कुळाचं नाव शंभर वर्षांत कोणी वाचलंय का?" मी म्हणालो. खतावणी फडक्यात बांधून तिच्या हातात दिली. पावती घेतली नाही. बँकेच्या माणसाकडून यापेक्षा मोठा त्याग होत नाही.

दादा हळूच म्हणाले, "अरे, पण या विषयाला स्कोप काय?"

"आहे ना," मी म्हटलं. "आपल्या माळ्यापर्यंत पोचलाय."