नाव नसलेल्या गावांतून

तोरिनो दि सांग्रो, इटली

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बोललोच, तरी पत्र लिहिते, कारण इथल्या गावांची नावं तुझ्याजवळ कागदावर असायला हवीत. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या दादांच्या पत्रात "मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवा" यापलीकडे काही नसायचं, असं तू सांगतेस. त्यांना गावांची नावं लिहायची परवानगीच नव्हती गं. पत्र आधी सेन्सॉर वाचायचा. गाव, नदी, पलटण कुठे निघाली, यातलं काही राहिलं तर त्यावर काट मारायचा. पत्त्यातही नंबर, नाव, पलटण आणि फील्ड पोस्टाचा आकडा, बस्स. गुरुजी पडवीत पत्र वाचून दाखवायचे तेव्हा पणजीला काय कळत असेल? मुलगा जिवंत आहे, एवढंच. तेही पत्र लिहिलं त्या दिवसापुरतं.

काही पत्रं एअरग्राफने जायची. फॉर्मवर मजकूर लिहायचा, त्याचा फोटो बारीक फिल्मवर घ्यायचा, फिल्म विमानाने पाठवायची आणि पोचल्यावर पुन्हा कागदावर छापायची. अक्षर चिमुकलं व्हायचं, पण ते लिहिणाऱ्याच्याच हातचं दिसायचं. त्यामुळे एअरग्राफ मला फार मोलाचा वाटतो.

१९४३ च्या नोव्हेंबरात इथे पावसाने सांग्रो नदी फुगली होती. ती ओलांडणाऱ्या फौजेत आपली ८ वी हिंदी डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठ्यांची एक पलटणही. इथल्या दफनभूमीत अग्निसंस्कार झालेल्या ५०० हून अधिक हिंदी जवानांचं स्मारक आहे. इटलीत अशी स्मारकं ३ आहेत. आपल्या रीतीने त्यांना निरोप मिळाला, हे वाचून बरं वाटलं. पण निरोप द्यायला घरचं कुणीच नव्हतं.

मोंतोने, १० जुलै

ती. आजीस सा. न.

आजची तारीख मुद्दाम गाठली. १९४४ साली याच दिवशी, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे पडले. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले, हातबॉम्ब टाकून त्यांनी ती गन बंद पाडली, बंदुकीच्या दस्त्यानेही लढले. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण त्यांची कबर कुठे आहे ते माहीत नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर आहे.

मोंतोनेत २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. गावकऱ्यांना ते आपलेच वाटतात, याचा मला अभिमान वाटतो.

दादा परत आले म्हणून आपलं घर सावरलं. तू त्यांना या गावांबद्दल कधी विचारलं होतंस का? आठवत असेल ते कुणाकडून तरी लिहून घे. उद्या फोर्लीला जाते, तिथेही हिंदी जवानांची दफनभूमी आहे.

तुझी,
सुमी