जहाजातून उतरल्यावरचा किनारा



मुलांना घेऊन कॅरिबियन क्रूझला जाणार असाल, तर समुद्रस्नानासाठी जहाजाची महागडी सहल घ्यायलाच हवी असं नाही. ग्रँड टर्कला धक्क्यालगतच वाळू आहे. नासाउचा जंकानू बीच आणि सेंट मार्टिनला फिलिप्सबर्गचा ग्रेट बे चालत गाठता येतो. तिन्हीकडे प्रवेश मोफत. पैसे पडतात ते खुर्ची-छत्रीचे. आम्ही घरची चादर अंथरली. ताजी फळं जहाजावरून खाली न्यायला सहसा मनाई असते, म्हणून बरोबर बंद पाकिटातले खाकरे आणि शेंगदाणे घेतले.

पैसे वाचले, पण मुलीच्या एका प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं. नासाउला कॉंक, म्हणजे मोठ्या शंखातला जीव, लोक आवडीने खातात. रिकाम्या शंखांचा ढीग पाहून तिने विचारलं, "आई, यातला जीव कुठे गेला?" मी खरं ते सांगितलं, त्या लोकांना नावं न ठेवता. वाळूतला रिकामा शंखही घरी न्यायचा नाही, हेही सांगितलं; तिथले छोटे खेकडे अशाच शंखात बिऱ्हाड करतात. पाठशाळेत पाठ केलेली अहिंसा तिला त्या दिवशी वाळूत दिसली.