खारं पाणी, गोड संत्रं

शेगावला उतरून संग्रामपूरची एसटी धरली की खिरोड्याजवळ पूर्णा लागते. नदीच्या दोन्ही बाजूंना काळीभोर, सपाट जमीन. कपाशी, तूर, हरभरा. बाहेरच्या माणसाला वाटावं, अशी जमीन असल्यावर आणखी काय हवं! पण इथं बोअर मारलं तर बहुतेक ठिकाणी खारट पाणी लागतं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला हाच तो खारपाणपट्टा. हे पाणी पिकाला द्यावं तर जमीन बिघडते, आणि प्यावं तर घशाखाली उतरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तेच प्यायलं. किडनीचे रुग्ण इथं गावोगाव सापडतात आणि कुणालाही विचारा, बोट पाण्याकडेच जातं.

संग्रामपूर ओलांडून उत्तरेला सोनाळा, टुनकीकडे निघालात तर काही किलोमीटरांत चित्र बदलतं. समोर सातपुडा उभा राहतो, पलीकडे अंबाबरवा अभयारण्याचं जंगल. डोंगरातून ओढ्यांनी आणलेल्या दगडगोट्यांच्या थरात पाणी मुरतं आणि ते गोड असतं. म्हणून इथं संत्र्याच्या बागा आहेत. एकाच तालुक्यात खाली मीठ आणि वर संत्री. हा तालुका मला समजला तो माझ्या खालाच्या स्वयंपाकघरात.

मी गेले तेव्हा आंबिया बहाराची तोड चालू होती. जानेवारी-फेब्रुवारीत फुलोरा धरतो आणि दिवाळीच्या आसपास फळ उतरू लागतं, तो आंबिया. व्यापारी बाग झाडावरच बोलून घेतात. मोठं, गोल, रंगदार फळ पेट्यांत भरून बाहेर जातं आणि मागं उरते ती चुरी, म्हणजे बारीक फळं. तिला भाव नाही. खालाकडे ओळखीच्या बागेतून अशी अर्धं पोतं चुरी आली होती. साल जाड, रूप नाही, पण रस अस्सल.

खालूंची किडनी तीन वर्षांपासून कमजोर आहे. डायलिसिसची वेळ आलेली नाही, पण डॉक्टरांनी मीठ तोडलं आहे. मीठ तोडलेल्या घरात काय होतं हे ज्या भगिनींनी सोसलंय त्यांना सांगायला नको. पहिले पंधरा दिवस सगळे सोबत अळणी खातात, मग दोन भांडी चढतात, मग घरधनी एकटाच कोपऱ्यात ताट घेऊन बसतो. खालाला ते मान्य नव्हतं. ती म्हणाली, ‘‘मीठ तं पाण्यातूनच खाल्लं आपण जलमभर. आता ताटात कायले पाह्यजे?’’ जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभराहून कमीच मीठ सांगते. तेव्हा खालाचं म्हणणं घरातल्या सगळ्यांनाच लागू होतं.

मिठाची जागा आंबट, तिखट आणि करपलेला खमंगपणा मिळून बऱ्यापैकी भरून काढतात. खालाची मुर्गी याच हिशेबानं होते. किलोभर मुर्गीच्या तुकड्यांना खोल चिरा द्यायच्या. अर्धी वाटी घट्ट दही, तितकाच संत्र्याचा रस, दोन मोठे चमचे आलं-लसूण, लाल तिखट, भाजून कुटलेले धणे-जिरे, किसलेली केशरी साल अगदी चिमूटभर, थोडं तेल. मीठ एरवीच्या निम्मं. फ्रीजमध्ये तीन-चार तास पुरे. रात्रभर आंबटात ठेवलं तर मांस वरून पिठूळ होतं.

रसाची एक गोष्ट नीट सांगते, कारण इथंच पदार्थ बिघडतो. आपलं नागपुरी संत्रं मिक्सरमध्ये फिरवलं किंवा रस काढून ठेवला तर तो कडू होतो. बियांतून आणि पांढऱ्या पापुद्र्यातून उतरणाऱ्या लिमोनिनमुळे ही कडवट चव वाढत जाते. म्हणून रस हातानं, हलका दाबून काढायचा, बी चिरडू द्यायची नाही आणि लगेच दह्यात घालायचा.

भाजायला पऱ्हाटी नको, ती भुरकन जळून जाते. बाभळीचे निखारे असतील तर उत्तम, नाहीतर जाड तवा. आच मध्यम, कारण संत्र्यातली साखर पटकन करपते. हाडाजवळ सुरी खुपसून पाहायची; पाणी लालसर निघालं तर अजून कच्ची आहे. उरलेला मसाला वरून ओतायचा नाही, फेकायचा किंवा चांगला उकळून घ्यायचा.

सोबत फळांचं कचुंबर. खालाची पुण्यात शिकणारी मुलगी त्याला ‘साल्सा’ म्हणते. स्पॅनिशमध्ये साल्सा म्हणजे सॉस, आणि हा शब्द आला मिठाच्याच लॅटिन शब्दावरून. खालाच्या कचुंबरात मात्र मीठ नाहीच. पापुद्रे काढलेल्या संत्र्याच्या फोडी, घट्ट पेरू, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, भाजलेलं जिरं. हे कच्चंच खायचं असल्यानं मुर्गीला हात लावण्याआधी करून झाकून ठेवायचं. कच्च्या मांसाची पाटी आणि सुरी त्याला लागता कामा नये.

फळासोबत मांस हे परदेशी फॅड आहे, असं एक शेजारीण म्हणाली. तसं नाही. बगदादमध्ये १२२६ साली मुहम्मद बिन हसन अल-बगदादी यांनी लिहिलेल्या पाककृतींच्या किताबात ‘मिश्मिशिया’ आहे: सुक्या जर्दाळूंत शिजवलेलं मांस. आणि संत्र्याला स्पॅनिश भाषेत ‘नारांखा’ म्हणतात, ते अरबी ‘नारंज’वरून. आपलं नारिंग त्याच घराण्यातलं. फळ इकडून तिकडे गेलं, नाव घेऊन गेलं.

खालूंच्या ताटात मात्र हे कचुंबर जात नाही. कमजोर किडनीला पोटॅशियम बाहेर टाकणं जड जातं आणि रक्तात ते वाढलं तर हृदयाला धोका. संत्र्यात पोटॅशियम बऱ्यापैकी आहे, पेरूत आणि केळ्यात तर त्याहून जास्त. त्यांच्या रक्ताच्या रिपोर्टवरून डॉक्टरांनी ही तिन्ही फळं बंद केली आहेत. दुसऱ्या रुग्णाचा हिशेब वेगळा असू शकतो, तो ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांनाच विचारावा. बाजारात ‘कमी सोडियमचं मीठ’ मिळतं, ते अशा घरात विचारल्याशिवाय आणूच नये. त्यात सोडियमच्या जागी बरेचदा पोटॅशियमच असतं. मीठ कमी केल्याच्या समाधानात माणूस नेमकी नको ती वस्तू ताटात वाढतो.

खालूंसाठी खाला सफरचंद आणि काकडी बारीक चिरते, लिंबाचे थेंब, जिरं, मिरची घालते. मुर्गीचे त्यांचे दोन तुकडे लसूण-लिंबात वेगळे मुरवते. दोनच, तेही डॉक्टरांच्या हिशेबानं. रंगरूपात दोन्ही वाट्या सारख्या दिसतात. दस्तरखानावर सगळे एकत्र बसतात, कोपऱ्यात कुणी नाही.

संत्री सोलायचं काम खालूंचं. आयुष्य बागेत गेलेला माणूस. फळ हातात घेतलं की झाड किती जुनं ते सांगू पाहतात. साल काढून आधी बोटांना लागलेला वास घेतात, मग एकेक पापुद्रा सोडवून स्वच्छ फोड परातीत टाकतात. मी एक उचलून तोंडात टाकली आणि गोड आहे म्हणाले. खालूंनी मान वर न करता विचारलं, ‘‘आंबट किती हाय थे सांग. तुह्या खालाले लिंबू तेवढंच घालू दे.’’