माहेर नसलेलीचं पहिलं बाळंतपण

पहिलटकरणीचं कौतुक सगळ्याच समाजांत होतं. मराठी घरात सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरतात. आमच्याकडे याच महिन्यात गोदभराई असते. उर्दूत तिला सतवाँसा म्हणतात. मग अम्मी लेकीला माहेरी नेते आणि बाळंतपणानंतर चाळीस दिवसांचा चिल्ला पुरा होईपर्यंत तिथेच ठेवते. जपानमध्येही बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत आहे. तिचं नाव सातोगाएरी.

धर्म वेगळे, भाषा वेगळ्या. पण या सगळ्या रीती एक गोष्ट गृहीत धरतात. ती म्हणजे मुलीला आई आहे आणि माहेरचं दार उघडं आहे. ज्या मुलीला हे नाही, तिनं काय करायचं?

मागे माझी एक जुनी विद्यार्थिनी बाजारात भेटली. सहावा महिना चालू होता. आई लहानपणीच वारलेली, वडिलांनी दुसरा संसार मांडलेला, नवरा ट्रकवर. मला म्हणाली, "टीचर, रात्री पोटात दुखतं. ते साधं दुखणं आहे की दवाखान्यात जायचं, हे विचारू कुणाला?"

तिला हिरवी साडी नको होती, मेवाही नको होता. विचारायला एक माणूस हवं होतं. वस्तीतल्या आशाताईंशी मी तिची गाठ घालून दिली. त्यांनी तिचं नाव नोंदवलं, तपासणीला सोबत गेल्या. पहिल्या अपत्यासाठी मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये मिळतात, हेही तिला त्यांच्याकडूनच कळलं.

फिनलंडमध्ये १९३८ पासून सरकार बाळाच्या कपड्यांची पेटी देतं. आधी ती गरीब आयांसाठी होती, १९४९ पासून सगळ्यांसाठी झाली. त्यासाठी चौथा महिना संपण्याआधी तपासणी करून घ्यायची. नेदरलँडमध्ये बाळंतपणानंतर प्रशिक्षित बाई साधारण आठवडाभर घरी येते. तो खर्च बराचसा विम्यातून होतो. तिथे आई आहे का, माहेर आहे का, हे कुणी विचारत नाही. आधार नात्यावर अवलंबून नाही, तो तिचा हक्क आहे.

आपल्याकडे तो दिवस येईल तेव्हा येईल. पण जनाजे की नमाज फर्ज-ए-किफाया आहे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. कुणीच ती अदा केली नाही, तर गुनाह साऱ्या वस्तीवर येतो. म्हणून मय्यत झाली की न बोलावता माणसं जमतात. मोहल्ल्यातली एखादी पोरकी मुलगी दिवसांत आहे असं कळलं, तर तिच्या दारात दोन बायका तरी जमायला काय हरकत आहे?