आवळा आणि सहा वाटसरू

कार्तिक सरत आला की यवतमाळ जिल्ह्यातील सागवानी जंगलांत रानआवळा पिकू लागतो. केळापूर, घाटंजी, झरी-जामणी या भागांतील कोलाम आणि गोंड कुटुंबांच्या परिचयाचे हे फळ कलमी आवळ्याहून लहान व अधिक तुरट असते. वाळवून केलेली त्याची आवळकाठी मात्र वर्षभर टिकते.

आयुर्वेदाने वयःस्थापन द्रव्यांत आवळ्याला अग्रस्थान दिले आहे. सहा रसांपैकी खारट वगळता पाचही रस त्यात मानले जातात. हिरडा व बेहड्यासह तो त्रिफळा होतो. च्यवनप्राशाचा आधारही तोच. आजच्या आहारशास्त्राच्या मोजणीत 100 ग्रॅम आवळ्यात तेवढ्याच संत्र्याच्या किमान पाचपट क जीवनसत्त्व भरते. हे सत्त्व उष्णतेने घटते. म्हणून ताजी फोड किंवा न शिजवलेली चटणी मोरावळ्याहून सरस. जेवणासोबत घेतल्यास धान्य-डाळींतील लोह शरीरात मुरण्यास तिची मदत होते. शाकाहारी घरांतील स्त्रिया व वाढत्या मुलींसाठी ही गोष्ट मोलाची आहे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र चूर्ण नित्य सुरू करण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

हे गुण देणारे झाड घाई जाणत नाही. वसंतात धरलेले फळ पावसाळ्यापर्यंत जवळजवळ वाढतच नाही. मग भरते आणि हिवाळ्यात पिकते. बाजाराची घाई सुरू झाली की मात्र कोवळी फळे ओरबाडली जातात, कधी फळांसाठी फांदीच तोडली जाते. असा माल गराने कमी भरतो आणि पुढील वर्षांचा बहरही हातचा जातो.

लेश्या समजावणारी जांभळाच्या झाडाची कथा घरोघरी ठाऊक आहे. भुकेल्या सहा वाटसरूंपैकी एकाला झाड मुळापासून तोडावेसे वाटते, दुसऱ्याला मोठी फांदी, तिसऱ्याला डहाळी, चौथ्याला घोस. पाचवा फक्त पिकली फळे तोडू म्हणतो आणि सहावा खाली पडलेली वेचतो. भूक सहाही जणांची सारखीच, भाव मात्र वेगळे.

या कथेत खरेदीदार नाही. व्यवहारात तो असतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वनवासी कुटुंबांना दिला आहे. ते कोणते फळ आणतील, हे पुष्कळदा पेढीवरचा भाव ठरवतो. कच्चा व पक्का आवळा एकाच दराने घेणारी पेढी नकळत कुऱ्हाडीला काम देते. पिकल्या फळाला चार पैसे अधिक देणारी आणि कोवळा माल परत करणारी पेढी झाड राखते. औषधाची शुद्धता तेथूनच सुरू होते.